एक्स्प्लेनर : ऊसतोड टोळी निघण्याआधीच टीबीचा रिपोर्ट का हवा?

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. त्या परततात उन्हाळ्याच्या तोंडावर. चौसाळा परिसरातील एखाद्या मजुराला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर तपासणीसाठी निघण्यापूर्वीचे मोजके दिवसच हाताशी असतात. बेडक्याचा नमुना दूरच्या लॅबमध्ये गेला आणि रिपोर्ट चार दिवसांनी आला, तर तोवर रुग्ण फडात पोहोचलेला असतो.

ट्रूनॅट म्हणजे काय?

गोव्यातील मोलबायो कंपनीचे हे छोटे पीसीआर यंत्र आहे. आधी बेडक्यातील जंतूंचा डीएनए वेगळा केला जातो, मग एका चिपवर त्याची तपासणी होते. टीबी आहे की नाही, हे साधारण तासाभरात कळते. टीबी निघाल्यास दुसऱ्या चिपवर रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, तेही तपासता येते. यंत्र बॅटरीवर चालते, एसी खोली लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याच्या वापराची शिफारस केली.

सूक्ष्मदर्शक पुरेसा नाही का?

नाही. सूक्ष्मदर्शकाखाली टीबी दिसण्यासाठी एक मिलिलीटर बेडक्यात साधारण ५ ते १० हजार जंतू असावे लागतात. पीसीआर चाचणीला शंभर-दीडशेही पुरतात. त्यामुळे आजार लवकर सापडतो.

मग अडचण कुठे?

यंत्र जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवून गावोगावचे नमुने तिकडे पाठवले, तर बॅटरीचा उपयोग काय? या यंत्रावर एका वेळी एक, दोन किंवा फार तर चार चाचण्या होतात. मोठ्या रुग्णालयाच्या गर्दीला ते अपुरे पडते. गावाजवळच्या आरोग्य केंद्राला मात्र पुरते. अर्थात प्रशिक्षित टेक्निशियन नसेल किंवा चिप संपल्या असतील, तर तिथेही ते शोभेची वस्तूच ठरेल.

फडावर तपासणी का होत नाही?

तिथे दवाखान्यासाठी एक दिवस काढणे म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. म्हणून खोकला अंगावर काढला जातो. एकाच कोपीत झोपणाऱ्या लेकरांनाही त्यातून लागण होऊ शकते.

काय करता येईल?

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच यंत्र गावात न्यावे. आशा सेविकांनी खोकला असलेल्यांना बोलवावे, त्याच दिवशी रिपोर्ट द्यावा आणि औषध सुरू करावे. टीबीचे उपचार साधारण सहा महिने चालतात, म्हणजे त्यातला बहुतेक काळ फडावरच जाणार. निक्षय पोर्टलवरून रुग्णाची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात पाठवता येते. ती निघतानाच पाठवली, तर पुढच्या गोळ्या तिथल्या आरोग्य केंद्रात मिळू शकतात. पोषणासाठी दरमहा मिळणारे १,००० रुपयेही निदान झाल्यावरच सुरू होतात.

तासाभरात रिपोर्ट देणारे यंत्र आपल्याकडे आहे. ते टोळीची गाडी सुटण्याआधी गावात पोहोचले, तरच त्या वेगाला अर्थ आहे.