जुळणीतच तडकणारे इंधन-घट

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेस मान्यता देऊन तिच्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद केली. तेव्हापासून हायड्रोजनयुगाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले व बोलले जात आहे. त्यात कार्यक्षमतेचे आणि दराचे आकडे आवर्जून दिले जातात. जुळणीच्या टेबलावर किती घट फुटले, हा आकडा मात्र सहसा आढळत नाही. घन ऑक्साइड इंधन-घटाच्या बाबतीत तरी तो विचारल्यावाचून गत्यंतर नाही.

हा घट म्हणजे तत्त्वतः भाजलेल्या मातीच्या भांड्याचाच दूरचा नातलग होय. झिर्कोनियात थोडे इट्रिया मिसळून केलेली चकती सातशे ते हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापविली की तिच्यातून ऑक्सिजनचे आयन आरपार जाऊ लागतात. एका अंगास हवा व दुसऱ्या अंगास इंधनवायू दिला की वीज मिळते. एमिल बाऊर व प्राइस यांनी असा घट १९३७ मध्ये चालवून दाखविला होता. परंतु एका घटाचा दाब एक व्होल्टदेखील भरत नाही. म्हणून पोलादी पत्र्यांच्या आड असे अनेक घट एकावर एक रचून, काचेच्या लेपाने कडा बंद करून, वरून भार द्यावा लागतो. संकट उद्भवते ते याच ठिकाणी.

आज प्रचलित असलेल्या एका रचनेत निकेल ऑक्साइड व झिर्कोनिया यांच्या सुमारे अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पाटीवर आयनवाहक थर असतो अवघा दहा मायक्रॉनांचा. भट्टीतून निघून थंड होताना पाटी अधिक आकसते, थर कमी आकसतो; परिणामी सबंध घट किंचित वाकतो. उन्हात वाळलेला पापड कडेने वळतो, आणि तो सपाट करावयास जावे तर मोडतो, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. संचावर भार देताना नेमके हेच घडते. पत्र्यावरील एखादा उंचवटा, लेपाची असमान जाडी, कडेवरची डोळ्यांना न दिसणारी चीर, एवढे निमित्त पुरते.

बरे, चिनी मातीच्या जातीच्या पदार्थांची ताकद एका आकड्यात सांगता येत नाही. ती त्यातील सर्वांत मोठ्या दोषावर अवलंबून असते, आणि आकारमान वाढले की मोठा दोष असण्याचा संभवही वाढतो. स्वीडनचे वायबुल यांनी १९३९ मध्येच याचे गणित मांडले. तेव्हा प्रयोगशाळेतील रुपयाएवढी टिकली भार सोसते म्हणून तळहाताएवढी पाटीही सोसेल, असे मानणे चूक आहे. त्यातच हे घट विजेच्या दृष्टीने एकामागून एक जोडलेले. जुळणीत शंभरातील एकच फुटतो असे धरले, तरी पन्नास घटांच्या शंभर संचांपैकी सुमारे चाळीस संचांत निदान एक तरी फुटका घट निघेल. फुटलेल्या जागी वायू हवेत मिसळून जळतो आणि शेजारच्या घटांनाही अपाय करतो.

अशा वेळी ठपका येतो तो जुळणी करणाऱ्या कामगाराच्या हातावर. हा अन्याय आहे. जो घट हाताच्या साध्या धक्क्याने वा भाराच्या थोड्या कमीअधिकपणाने तडकतो, त्याचा दोष आराखड्यात शोधावयास हवा. वेस्टिंगहाउस कंपनीने एका टोकास बंद असलेल्या नळीचा आकार पत्करला, त्यात तप्त भागात लेपाने कडा बंद करण्याची गरजच ठेवली नाही आणि नळ्यांमध्ये निकेलच्या मऊ पट्ट्या घातल्या. विजेला नळीच्या घेराने लांबचा फेरा पडे व शक्ती कमी मिळे, ही त्याची किंमत होती. इंग्लंडच्या सेरेस कंपनीने सिरियाचा पातळ थर सच्छिद्र केलेल्या पोलादावर चढवून तापमान सहाशे अंशांच्या आत आणले. याखेरीज घट आधी पातळ पोलादी चौकटीत बसवून मग ती चौकट हाताळणे, कोपरे गोलावणे, जुळणीपूर्वीच प्रत्येक घट ठरावीक भाराखाली वाकवून दुबळे वेगळे काढणे, हेही उपाय आहेतच. ते सारे खर्चिक आहेत खरे. पण फुटलेला संच फुकट पडत नाही.

हा पदार्थच ठिसूळ, त्याचा नाद सोडावा, असे म्हणणारेही आहेत. त्यांनी जर्मनीतील युलिश येथील संशोधन केंद्राकडे पाहावे. तेथे २००७ मध्ये सुरू केलेला एक लहान संच २०१९ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ तापलेला होता.

हेच घट उलट चालविले की वाफेपासून हायड्रोजन तयार होतो. म्हणून मोहिमेशी त्यांचा संबंध केवळ सैद्धांतिक नव्हे. या क्षेत्रातील संशोधनाला सरकारी अनुदान देताना दर चौरस सेंटिमीटरला किती वॅट, एवढेच विचारून भागणार नाही. पूर्ण आकाराच्या किती घटांची जुळणी केली, किती भाराखाली केली आणि त्यांतले किती फुटले, हे तीन आकडे प्रत्येक अहवालात मागितले पाहिजेत. त्यासाठी नवी समिती नेमण्याचेही कारण नाही; अहवालाच्या नमुन्यात तीन रकाने वाढविले की झाले.