खिसा कुठला, राव?

‘मोबाइल कुठे ठेवलायस?’ सालवडच्या आमच्या घरात हा प्रश्न ‘जेवलास का?’पेक्षा जास्त वेळा विचारला जातो. वर्षभर तो मला विचारला जायचा. हल्ली बाबांना.

झालं असं, की लग्नाला दोन वर्षं होऊनही ‘गुड न्यूज’ नाही म्हटल्यावर आईने आरोपी पकडला : माझ्या पँटच्या खिशातला मोबाइल. ‘रेडिएशन असतं रे त्यात!’

आता बोईसर-तारापूरवाल्यांना हा शब्द काय नवा? १९६९ पासून अणुवीज केंद्र शेजारी आहे. पण मंडळी, अणुभट्टीतलं रेडिएशन आणि मोबाइलचं रेडिएशन यांचं फक्त आडनाव एक. पहिलं पेशीतल्या डीएनएची मोडतोड करू शकतं. मोबाइलच्या रेडिओलहरींत तेवढा दम नसतो. जवळचा भाग त्या किंचित गरम करतात, इतकंच. त्याचं माप म्हणजे ‘सार’ व्हॅल्यू. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून त्याची मर्यादा किलोमागे १.६ वॅट आहे. स्टार हॅश शून्य सात हॅश डायल करा, बऱ्याच हँडसेटवर आकडा समोर येतो.

मग कॅन्सरचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हटलं आणि सगळीकडे घबराट उडाली. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत, हे कोणी सांगितलं नाही! पुढे २०२४ मध्ये याच संघटनेने करवून घेतलेल्या ६३ अभ्यासांच्या आढाव्यात मेंदूच्या कॅन्सरशी संबंध आढळला नाही.

आणि माझा खिसा? २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या २,८८६ तरुणांचा अभ्यास आला. दिवसात वीसपेक्षा जास्त वेळा फोन वापरणाऱ्यांत शुक्राणूंचं प्रमाण कमी दिसलं. फोनमुळेच, असं त्यातून सिद्ध होत नाही. पँटच्या खिशात ठेवण्याशी तर काही संबंधच दिसला नाही. हे आईला कसं समजवायचं? बायको म्हणाली, ‘समजवू नकोस. आपण दोघं सरळ टेस्ट करून घेऊ.’ एवढं साधं वाक्य बोलायला आम्हाला वर्ष लागलं. तोवर सगळा राग बिचाऱ्या मोबाइलवर!

याच काळात बाबांना चक्कर यायला लागली आणि पेसमेकर बसवावा लागला. डाव्या खांद्याखाली. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी बजावलं, ‘मोबाइल पेसमेकरपासून पंधरा सेंटिमीटर लांब. बोलायचं उजव्या कानाने.’ काही नव्या फोनमध्ये लोहचुंबक असतं. ते अगदी जवळ आलं, तर पेसमेकर आपलं नेहमीचं काम सोडून वेगळ्याच मोडमध्ये जाऊ शकतो.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी बाबा शर्ट घालून बाहेर निघाले. फोन कुठे? छातीवर, डाव्या खिशात. सवय! मी चपला काढत होतो, तसाच धावलो. वर्षभर आई माझ्या खिशावर डोळा ठेवून होती, मी नेटवर उत्तरं शोधत होतो. ज्या खिशात खरंच धोका होता, तिकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

तर मंडळी, टेन्शन नको, पण फंडे क्लीअर ठेवा. सिग्नल कमजोर असला की फोन जास्त जोर लावतो, म्हणून ट्रेनमध्ये रेंज जात-येत असेल तेव्हा लांबलचक गप्पा नकोत. स्पीकर किंवा इअरफोन वापरा. थोडं अंतर वाढलं तरी लहरींचा जोर पटकन घटतो. रात्री फोन उशीखाली नको, निदान झोपेसाठी तरी. आणि घरात कोणाला पेसमेकर असेल, तर आज आधी त्यांचा खिसा बघा.

आमचे रिपोर्ट शनिवारी मिळतील. आईने मला विचारणं बंद केलंय. दुपारी ती बाबांचे शर्ट घेऊन बसली होती, हातात छोटी कात्री. सगळ्या शर्टांचे डावे खिसे तिने एकेक करून उसवले.