बॅश सक्तीचें असावें काय ?

गेल्या सत्रांत आमच्या संगणकवर्गांतील एका विद्यार्थ्यानें हजेरी मोजणारी एक आज्ञावली रचली. त्याच्या हातीं ती बिनचूक चाले. पुढें ती रोज सकाळीं आपोआप चालावी म्हणून क्रॉन या यांत्रिक पहारेकऱ्याकडे सोंपविली, आणि दुसऱ्या दिवशीं सारा वर्ग गैरहजर ठरला ! मुलास वाटलें, यंत्र बिघडलें. यंत्र ठीकच होतें. दुभाषा मात्र बदलला होता.

माणसाची आज्ञा संगणकाच्या गाभ्यास समजावून देणाऱ्या या दुभाष्यास शेल म्हणतात. आमचे संगणक डेबियन प्रणालीवर चालतात. तेथें आपण समोर बसून लिहितों तेव्हां बॅश हें शेल ऐकत असतें. परंतु क्रॉन ज्यास हांक मारतो तें 'एसएच' इ. स. २०११ पासून डॅश हें आहे. डॅश लहान व चपळ असून त्यास बॅशचे दुहेरी चौकटी कंस कळत नाहींत.

असें असतांहि डेबियनमध्यें बॅश अद्याप 'अत्यावश्यक' गणलें जातें. ही सक्ति ठेवावी काय ? आमच्या मतें शेल सक्तीचें असावें, बॅश नसावें. नवी सामग्री बसवितांना ज्या लहान आज्ञावली चालतात त्या बहुधा शेलच्याच भाषेंत असतात. म्हणून प्रमाणित भाषा जाणणारें एक 'एसएच' नेहमीं हजर हवें. तें काम डॅश करीतच आहे. अत्यावश्यक वस्तूवर आपण अवलंबून आहों हें कोणत्याहि सामग्रीस नोंदवावें लागत नाहीं, ही खरी अडचण होय. कोण कोणाच्या खांद्यावर उभा आहे हें मग कोणासच दिसत नाहीं.

याचें भय काल्पनिक नव्हे. सप्टेंबर २०१४ मध्यें बॅशमध्यें 'शेलशॉक' नांवाचा दोष उघडकीस आला, तो इ. स. १९८९ पासून आंत दडून होता. डेबियनमध्यें 'एसएच' निराळें असल्यामुळें त्याची झळ कांहीं अंशीं कमी लागली.

तथापि बॅश आजच काढून टाका, असें आम्ही म्हणत नाहीं. नोंदी नसतां तें काढल्यास किती आज्ञावली मुक्या होतील याची गणना कोण करणार ? आधीं प्रत्येक सामग्रीनें आपलें अवलंबन लिहावें, मग सक्ति उठवावी. घाई करूं नये. ॲपलनें इ. स. २०१९ मध्यें मॅकवर नव्या खात्यांसाठीं झेडशेल नेमलें, पण बॅश तेथेंच राहूं दिलें, हें आम्हांस शहाणपणाचें वाटतें.

आमच्या वर्गांत तर बॅश राहीलच, कारण डेबियनच्या डॅशमध्यें बाणाची कळ दाबून मागील आज्ञा परत आणतां येत नाहीं, आणि मुलांच्या चुका पुष्कळ ! त्या विद्यार्थ्यानें आतां आपल्या आज्ञावलीच्या पहिल्या ओळींत बॅशचें नांव व ठिकाण लिहिलें आहे, आणि वर्ग पुन्हां हजर लागूं लागला आहे.