कायदा पाळला तो तंबोऱ्याने!

मिरवणुकीच्या दिवसांत महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरी हमरस्त्यावरच्या घरात डोकावावे. खिडक्यांची तावदाने थरथरत असतात, मांडणीवरची भांडी आपोआप वाजत असतात, तान्हे मूल दचकून उठत असते आणि हृदयविकार असलेल्या आजोबांना आतल्या खोलीत हलवलेले असते. बाहेर ट्रॅक्टरवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत उभी असते. तिच्यातून जे बाहेर पडते त्याला संगीत म्हणावयाचे की दणका? कारण ते कानांना कळण्यापूर्वीच छातीवर आदळते.

वास्तविक या देशात ध्वनिप्रदूषण नियम सन २००० पासून लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत खुल्या जागी ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने या नियमांवर शिक्कामोर्तब केले. रुग्ण, वृद्ध आणि विद्यार्थी यांच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे, याबद्दल दुमत नसावे. प्रश्न एवढाच आहे, की तो पाळला कोणी?

उत्तर मोठे बोलके आहे. पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मृतिप्रीत्यर्थ १९५३ साली पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत शाली, कानटोप्या आणि चहाचे थर्मास घेऊन हजारो रसिक रात्र जागवीत. पहाटे स्वतः पंडितजी गावयास बसत आणि शेवटी सवाई गंधर्वांची भैरवीची ध्वनिमुद्रिका ऐकून श्रोते तृप्त मनाने घरी परतत. नियम आला आणि या महोत्सवाने निमूटपणे आपले वेळापत्रक बदलले. रात्रभराची मैफल दहाच्या ठोक्याला आटोपती घेतली जाऊ लागली. तंबोऱ्याने कायदा पाळला. भिंतींनी मात्र तो पायदळी तुडवला!

यात हानी केवळ आठवणींची झाली असती, तर ती सोसता आली असती. परंतु आपले रागसंगीत प्रहरांशी बांधलेले आहे. दरबारी कानडा मध्यरात्रीचा, मालकंस त्यानंतरचा, ललत उजाडण्यापूर्वीचा, भैरव प्रातःकाळचा आणि तोडी दिवस वर आल्यावरची. मैफल सायंकाळी सुरू होऊन दहाला संपू लागली, तेव्हा या रागांना त्यांची वेळच उरली नाही. यमन, मारवा, पूरिया यांना व्यासपीठ मिळाले. ललत मात्र ध्वनिमुद्रणाच्या आश्रयाला गेला. तरुण श्रोत्याने तो भ्रमणध्वनीवर ऐकला असेलही, पण जागरणाने डोळे चुरचुरत असताना, पूर्वेला फटफटत असताना, समोर बसलेल्या गायकाच्या कंठातून तो ऐकणे हा अनुभव वेगळाच.

'तरुणांना हेच आवडते' असा एक युक्तिवाद नेहमी केला जातो. तो तरुणांवर अन्याय करणारा आहे. लोकमान्यांनी १८९३ साली गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्यानंतर याच उत्सवाच्या मंडपांत मेळे गाजले. पुढे गिरगाव-दादरच्या रस्त्यांवर नामवंत गवयांच्या मैफली रंगल्या आणि पदपथावर वर्तमानपत्र अंथरून बसलेल्या कामगारांनी व कारकुनांनी त्यांना दाद दिली. त्या श्रोत्यांना संगीताची पदवी नव्हती. चांगले गाणे फुकट आणि घराजवळ ऐकावयास मिळत होते, म्हणून कान तयार झाले. आवड आकाशातून पडत नाही, ती लावावी लागते. मंडळाची वर्गणी कशावर खर्चावयाची, हे ठरविणारे कार्यकर्ते आपल्याच घरांतले आहेत.

आणि श्रोत्यांचे काय? विलंबित ख्याल सुरू होताच उपाहारगृहाकडे वळणारे, समेवर वाजणारी भ्रमणध्वनीची घंटी, आलाप चालू असताना उंचावलेले पडदे आणि त्यामुळे मागच्याला न दिसणारा गायक, हे सारे सुशिक्षितांचेच पराक्रम. रस्त्यावरच्या गोंगाटाला नावे ठेवणाऱ्यांनी सभागृहातील आपली शिस्तही तपासावयास हवी.

मार्ग नाहीत असे नाही. रात्रीची मनाई खुल्या जागेला आहे. आवाज आतच राहणाऱ्या बंदिस्त सभागृहाला तीच बंदी नाही. मग शहराशहरांतील नाट्यगृहांत वर्षातून एखादी तरी अखंड रात्रीची मैफल का होऊ नये? दिवाळी पहाट आज गावोगावी साजरी होते. तीत ठरावीक लोकप्रिय गीतांच्या जोडीला अर्धा तास तरी ललत वा भैरव का असू नये? आणि ज्यांना सभागृह परवडत नाही त्यांनी घरच्या दिवाणखान्यात, सोसायटीच्या खोलीत, ध्वनिक्षेपकाविना बैठक भरवावी. तंबोरा, तबला, संवादिनी आणि पन्नास माणसे, एवढ्यावर या संगीताने पिढ्यान्‌पिढ्या काढल्या आहेत.

उत्सव आपले आहेत आणि संगीतही आपलेच आहे. येत्या वर्षी मंडळाच्या पहिल्या बैठकीत भिंतीच्या भाड्याचा विषय निघेल. त्या वेळी कोणी तरी उठून एका गवयाची बिदागी सुचवावयास हवी. तो कोणी तरी आपल्यापैकीच असावा लागेल.