गच्चीवरचा फ्रेंच दस्तरखान

आमच्या घरी मेहमान आले की अम्मींची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, जागा ठरलेली असते. स्वयंपाकघराच्या दारात, एक हात चौकटीला. कोणाची रोटी संपली, कोणाला सालन हवं, हे त्या तिथूनच हेरतात. मेहमान उठले, मुलं जेवली, की देगचीच्या तळाला उरलेलं घेऊन ओट्यापाशी बसतात. माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली, पण मेहमानांबरोबर जेवताना मी त्यांना पाहिलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर आता त्याच दारात मीही उभी असते. आठवडाभर शाळा, रविवारी दावत, सोमवारी पुन्हा शाळा.

म्हणून डिसेंबरात नणंद सहकुटुंब येणार असं ठरलं, तेव्हा मी जाहीर करून टाकलं की या वेळी बिर्याणी नाही. गच्चीवर फ्रेंच पद्धतीची पिकनिक करायची. आणि नणंदेला फोन करून सांगितलं, "आपा, येताना दोन पदार्थ तुम्ही आणा."

हे ऐकून अम्मींचा चेहरा उतरला. "लेक माहेरी डबा घेऊन येणार? लोक काय म्हणतील?"

त्यांना समजवायला मी माझा मास्तरकीचा मार्ग धरला. पिकनिक हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला, पण तो मूळचा फ्रेंच. सतराव्या शतकाच्या अखेरीच्या एका फ्रेंच कोशात तो आढळतो. तेव्हा त्याचा गवताशी किंवा सहलीशी संबंध नव्हता. ज्या जेवणात प्रत्येक जण आपला वाटा आणतो किंवा आपल्या वाट्याचे पैसे देतो, ते पिक-निक, आणि ते चार भिंतींच्या आतही होत असे. झाडाखाली जेवायचा अर्थ त्याला पुढे इंग्लंडात चिकटला. "म्हणजे अम्मी, आपा डबा आणतील तेव्हाच ती पिकनिक." त्या काही बोलल्या नाहीत. पटलं म्हणून नव्हे, असं मला वाटतं.

फ्रान्समध्ये पिकनिकचं वेड मोठं आहे. १४ जुलै २००० रोजी, त्यांच्या राष्ट्रीय दिनाला, उत्तरेच्या डंकर्कपासून पॅरिसमार्गे स्पेनच्या सीमेपर्यंत एका रेषेवरच्या गावागावांत लोक एकत्र जेवायला बसले होते. पावसानं झोडपलं, तरी बसले. त्यांच्या पद्धतीतल्या दोन गोष्टी मला घ्याव्याशा वाटल्या. एक, सगळं जेवण थंड. आधी करून ठेवायचं, एकदाच मांडायचं आणि यजमानानं सगळ्यांबरोबर बसायचं. दुसरी, साधं जेवण असलं तरी मांडणीत हयगय नाही. अंथरायला धुतलेलं कापड, कापडी रुमाल, काचेचे पेले. कागदी ताटल्या मी विकत आणल्याच नाहीत. आपल्या दस्तरखानाला हे काही नवं नाही.

आता पदार्थ. फ्रेंच पिकनिकमध्ये डुकराच्या मांसाचं सँडविच आणि वाईन सर्रास असतात, ते आपल्याला वर्ज्य. पण दक्षिणेत समुद्रकाठी नीस नावाचं शहर आहे, तिथला पान बान्या हा पदार्थ जणू आपल्यासाठीच केलेला. नावाचा अर्थ भिजवलेला पाव. गोल कडक पाव आडवा कापायचा, आतून लसणाची पाकळी चोळायची, ऑलिव्ह तेल शिंपडायचं. मग टोमॅटोच्या चकत्या, मीठ, कांद्याची पात, उकडलेलं अंडं, डब्यातला ट्यूना मासा, काळे ऑलिव्ह. पाव मिटून फडक्यात घट्ट गुंडाळायचा आणि वर वजन ठेवून दोन तास फ्रिजमध्ये ठेवायचा. मी पाटा ठेवला. टोमॅटोचा रस आणि तेल पावात मुरतं. यात मेयोनेज घालत नाहीत, आणि उन्हात ते नसलेलंच बरं. मुंबई-पुण्याच्या इराणी बेकरीतला ब्रून पाव यासाठी छान. लादी पाव घेऊ नका, लगदा होतो.

बाकी सोपं. किसलेल्या गाजराला लिंबू, तेल, मीठ, मिरपूड लावली की फ्रेंचांची रोजची कोशिंबीर झाली. कोवळे मुळे, बाजूला लोणी आणि मीठ. मुळा लोण्याला टेकवून खायचा, हे तिथं खरंच करतात. मुलांनी आधी नाकं मुरडली, मग लोणी संपवलं. चीज घेताना वेष्टन वाचा. ते विरजायला लागणारं रेनेट प्राण्याचंही असतं, तेव्हा शाकाहारी खूण असलेलं घ्यावं.

केक मुलांकडे सोपवला. फ्रान्समधली मुलं स्वयंपाकघरात पहिल्यांदा बहुधा हाच केक शिकतात, कारण वजनकाटा लागत नाही. दह्याची वाटी हेच माप. एक वाटी दही, दोन वाट्या साखर, तीन वाट्या मैदा, अर्धी वाटी तेल, तीन अंडी आणि बेकिंग पावडर. वाटी साधारण सव्वाशे ग्रॅमची हवी. पाचवीतल्या मुलाला गुणोत्तर शिकवायला याहून चांगलं साधन मला वर्गात सापडलेलं नाही.

प्यायला पुदिन्याचं सरबत. थंड पाण्यात पुदिन्याचा सिरप हे तिकडे मुलांचं आवडतं पेय आहे. सिरप हा शब्द अरबी 'शराब'वरून आला. अरबीत त्याचा अर्थ नुसतं पेय. उर्दूत येईपर्यंत तो भलत्या संगतीला लागला, एवढंच.

रविवारी सकाळी माझ्याकडे चक्क काम नव्हतं. आपा आल्या, त्यांच्या डब्यात भरली ढोबळी मिरची आणि फळं. अम्मींनी डबा हातात घेतला, क्षणभर थांबल्या आणि स्वतःच गच्चीवर घेऊन गेल्या.

वाऱ्यानं चादर उडत होती, म्हणून चारही कोपऱ्यांवर कुंड्या ठेवल्या. बिस्मिल्लाह म्हणून सगळे बसले, आणि अम्मी जिन्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. हात चौकटीला. मी म्हटलं, "अम्मी, खाली काही गरम व्हायचं नाही, काही आणायचं नाही. बसा." आपांनी सरकून जागा केली. त्या बसल्या, पण अर्ध्या, उठायच्या तयारीत. पाव कडक म्हणून त्यांनी आधी नको म्हटलं. पण मुरून तो इतका मऊ झाला होता की त्यांच्या दातांनाही चालला. दुसरा तुकडा त्यांनी मागून घेतला. मागून घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

पंधरा-वीस मिनिटांनी "चहा ठेवते" म्हणून त्या उठू लागल्या, तर आपांनी त्यांचा पदर धरून ठेवला. लेकीच्या हातची मिरची खाताना त्या तिला म्हणाल्या, "मीठ बेतानं घातलंयस. माझ्यासारखं." आपांनी मान खाली घातली. मी मुळ्यांचं ताट उगाच पुढे-मागे करत राहिले.

पुढची पिकनिक फेब्रुवारीत आपांच्या घरी ठरली आहे. अम्मींनी काल मला विचारलं, "तिकडं आपण काय न्यायचं?" मग उत्तराची वाट न पाहता स्वतःच म्हणाल्या, "शामी कबाब नेऊ. थंड खायचे तर थंड. पण चटणी मी पाट्यावरच वाटणार."