बँक ग्रामीण, मालक कोण?

1875 साली सुप्याच्या रयतेने सावकाराची खतपत्रे जाळली. ग्रामीण बँकेचा वटहुकूम निघण्यास 1975 साल उजाडले! मस्तगडाभोवतीच्या जालन्यातही ही बँक आली, लहान शेतकरी-कारागिरांस तिचा आधार झाला, हे आम्ही नाकारीत नाही. पण भांडवल पाहा: केंद्राचे 50 टक्के, राज्याचे 15, पुरस्कर्त्या बँकेचे 35, रयतेची कवडी नाही, म्हणून तिला विचारतो कोण? 2009 साली मराठवाडा व गोदावरी या बँका एक केल्या, 1 मे 2025 रोजी विदर्भ-कोकणची बँकही तीत मिसळली. ताळेबंद फुगला असेल! सात-बारा नावावर नसलेला बटईदार मात्र अजून सावकाराच्याच ओट्यावर बसतो. अशा किती जणांस मृगापूर्वी कर्ज दिले, तो आकडा प्रत्येक शाखेने दारावर लावावा.