मोटारींतील गाणें आणि शेजारधर्म

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या पुणें शहरांत एक नवी हौस वाढीस लागलेली दिसते. शर्यतीच्या घाटाची, बुटकी, वेगवान स्पोर्ट्‌स मोटार असो, किंवा तशी दिसावी म्हणून सजविलेली एखादी साधी गाडी असो, ती घरीं आली कीं मालकाच्या मनांत पहिली इच्छा उत्पन्न होते ती कारखान्यानें बसविलेले स्पीकर काढून टाकण्याची. त्यांच्या जागीं मोठे स्पीकर, त्यांच्या दिमतीस निराळा ॲम्प्लिफायर आणि डिकींत सबवूफरची भली थोरली पेटी बसली, म्हणजे गाडी 'तयार' झाली असें समजतात. मधल्या सुटींत मुलें या विषयावर किती उत्साहानें बोलतात, हें आम्ही नित्य ऐकतों. कोणी वडील बंधूच्या गाडीचे वॅट सांगतो, तर कोणी मामाची गाडी बोळांत शिरली कीं घरांच्या खिडक्या कशा थरथरतात याचें वर्णन करितो. शाळेच्या वार्षिकांत हा विषय कशाला, असें कोणा पालकांस वाटेल. परंतु ज्या विषयावर मुलें आपण होऊन बोलतात, त्याविषयीं शिक्षकांनीं मौन धरावें, हें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

आरंभींच सांगून टाकतों कीं, या हौसेस आम्ही सरसकट नांवें ठेवीत नाहीं. पुणें हें जसें गाण्याचें तसेंच मोटारींचेंही गांव आहे. सवाई गंधर्व महोत्सवाचा प्रारंभ येथें १९५३ सालीं झाला. आणि १९६६ सालीं स्थापन झालेली, मोटारींच्या परीक्षा घेणारी 'एआरएआय' ही संस्था ज्या टेकडीवर आहे, त्या टेकडीस पुणेकर आतां तिच्याच नांवानें ओळखूं लागले आहेत. गाणें आणि मोटार या दोहोंची प्रीति एकाच ठिकाणीं पाहावयाची असेल, तर भारतरत्न पंडित भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांचें स्मरण करावें. पंडितजींना मोटारींचें विलक्षण वेड होतें, आणि दूरदूरच्या मैफलींसाठीं ते स्वतः गाडी हांकीत जात, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तेव्हां गाडींत गाणें असावें, तें चांगलें ऐकूं यावें, आणि त्यासाठीं ऐपतीप्रमाणें चार पैसे खर्चावे, यांत गैर कांहींच नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, आवाज सुधारणें आणि आवाज वाढविणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी असून, पुष्कळ तरुण दुसरीसाठीं पैसे मोजतात आणि पहिली मिळाली असें समजतात.

मोटारीची आंतली जागा ही गाण्याच्या दृष्टीनें मोठी विचित्र खोली आहे. तिच्या निम्म्या भिंती कांचेच्या, दारें पातळ पत्र्याचीं, आसनें आवाज शोषून घेणारीं, आणि ऐकणारा मधोमध न बसतां एका कडेस बसलेला! या खोलीचा शास्त्रीय अभ्यास ज्यांनीं केला, त्यांत अमर बोस (१९२९–२०१३) हें नांव आपणां भारतीयांस अभिमानाचें आहे. त्यांचे वडील बंगालमधील स्वातंत्र्यसैनिक. पुत्र अमेरिकेंत जन्मला आणि तेथील एमआयटी या विख्यात विद्यापीठांत प्राध्यापक झाला. १९५६ सालीं स्वतःसाठीं विकत घेतलेल्या ध्वनियंत्रानें त्यांची निराशा झाली. त्या निराशेंतून संशोधन सुरू झालें आणि १९६४ सालीं त्यांची कंपनी निघाली. पुढें १९८३ च्या सुमारास जनरल मोटर्सच्या गाड्यांसाठीं त्यांनीं जी योजना केली, तिचें मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. घरांत श्रोता कोठें बसेल आणि भिंती कशा असतील, हें यंत्र करणारास ठाऊक नसतें. गाडींत मात्र आसनें, कांचा आणि अंतरें हीं सर्व अगोदरच ठरलेलीं असतात; म्हणून त्या त्या गाडीचें मोजमाप घेऊन त्या बेतानें यंत्र रचतां येतें. मोजमाप आधीं आणि यंत्र मागाहून, असा हा क्रम आहे.

हें मोजमाप म्हणजे काय, तें आठवीच्या मुलासही समजेल. ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो, म्हणजे सेकंदाच्या एका सहस्रांशांत सुमारें ३४ सेंटिमीटर. आपल्या देशांत चालक उजवीकडे बसतो. उजव्या दारांतील स्पीकरपेक्षां डाव्या दारांतील स्पीकर त्याच्यापासून, समजा, ७० सेंटिमीटर अधिक दूर असला, तर डावीकडचा आवाज दोन सहस्रांश सेकंद उशिरा पोंचतो. आणि गाणारा समोर बसलेला न वाटतां उजव्या दारांत दडून बसल्यासारखा वाटतो. अशा वेळीं आवाज मोठा केल्यानें कांहींच साधत नाहीं. उजवा आवाज तेवढाच उशिरा सोडला कीं काम होतें, आणि हल्लींचीं डिजिटल यंत्रें हें काम बिनबोभाट करितात. दुसरी गोष्ट दाराच्या पत्र्याची. स्पीकर वाजूं लागला कीं हा पातळ पत्रा स्वतःही कंप पावतो आणि गाण्यांत आपला खडखडाट मिसळतो. आंतल्या बाजूनें रबरासारखा जड थर चिकटविला, तर तो कंप आवरतो आणि रस्त्याचा गोंगाटही कांहींसा कमी होतो. मैफलींत गवई आधीं तंबोरे जुळवितो, त्या वेळीं श्रोते कसे निःशब्द बसतात! गाडीलाही आधीं शांत करावें आणि मग गातें करावें, हीच खरी रीत होय.

आतां वॅटच्या आंकड्यांविषयीं. दुकानांत प्रथम सांगतात तो हाच आंकडा, आणि मुलें भुलतात तीं त्यालाच. परंतु यंत्राची शक्ति दुप्पट केली तरी आवाज अवघा ३ डेसिबल वाढतो. कानास तो दुप्पट वाटावा अशी इच्छा असेल, तर शक्ति सुमारें दसपट करावी लागते. पेटीवर 'पीएमपीओ' या अक्षरांपुढें छापलेला हजारांचा आंकडा क्षणमात्र मिळणाऱ्या शक्तीचा असतो. सतत मिळणारी शक्ति 'आरएमएस' या अक्षरांपुढें लिहिलेली असते, ती पाहावी. शिवाय शक्ति कांहीं आकाशांतून पडत नाहीं. १२ व्होल्टच्या बॅटरींतून ६०० वॅट ओढावयाचे म्हटले, तर ५० अँपिअरचा प्रवाह लागतो. हा भागाकार मुलांनीं स्वतः करून पाहावा. एवढ्या प्रवाहास जाड तार आणि बॅटरीपाशींच फ्यूज पाहिजे. चार पैसे वांचविण्यासाठीं बारीक तार घातली, तर ती तापून गाडीस आग लागण्याचें भय असतें.

स्पोर्ट्‌स मोटारीच्या बाबतींत तर ही हौस विशेषच विसंगत ठरते. २०१२ सालीं दिल्लीच्या वाहनप्रदर्शनांत दिलीप छाब्रिया यांनीं मांडलेली 'अवंती' ही दोन आसनांची गाडी पाहा. तिचें इंजिन आसनांच्या मागेंच, म्हणजे बसणाराच्या पाठीशीं होतें. अशा गाडींत गाण्यानें इंजिनावर मात करावी असें म्हटलें, तर दोन आवाजांची झुंज लागते आणि तिचें रणांगण होतो आपला कान. त्यांत पुन्हां, हलकेपणा व चपळाई यांसाठीं लाखों रुपये मोजून घेतलेल्या गाडींत लाकडी पेटी, लोहचुंबक आणि तारा यांचें ओझें भरणें, म्हणजे शर्यतीच्या घोड्यावर धान्याच्या गोणी लादण्यासारखें नव्हे काय?

पैसे गेले तर पुन्हां मिळवितां येतील. कान मात्र पुन्हां मिळत नाहींत. आपल्या प्रत्येक कानाच्या आंत, शंखाकृति भागांत, सुमारें १५ हजार सूक्ष्म केशपेशी जन्मतःच असतात. अतिशय मोठ्या आवाजानें त्या एकदां मेल्या, कीं मनुष्याच्या कानांत त्या पुन्हां उगवत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यांतून ४० तासांपर्यंत निर्धास्त ऐकतां येतो. तोच आवाज ९० डेसिबल झाला, कीं ही मुदत अवघ्या ४ तासांवर येते. रोज एक तास याप्रमाणें जो तरुण असा आवाज ऐकत जाईल, त्याची आठवड्याची शिधासामुग्री चौथ्या दिवशींच सरेल! आणि या हानीचें दुःख असें, कीं तिच्यामुळें प्रथम वेदना होत नाहीं; कळूं लागतें तेव्हां फार उशीर झालेला असतो. संगीताच्या प्रेमापायीं संगीत ऐकण्याचें साधनच गमवावें, याहून मोठी शोकांतिका कोणती?

आपल्या कानांप्रमाणेंच इतरांच्या कानांचाही विचार करणें प्राप्त आहे. गाडीच्या मागें रुग्णवाहिका घोषणा करीत उभी असते आणि पुढच्यास तिचा पत्ता नसतो. अशा वेळीं गेलेला एकेक क्षण कोणाच्या तरी आईचा, कोणाच्या तरी बापाचा असतो. आमच्या जुन्या पेठांत बोळाच्या दोन्ही बाजूंस घरें अगदीं रस्त्याला लागून आहेत. उंच स्वर भिंतीनें पुष्कळसे अडतात. पण सबवूफरचा खर्जांतला ठोका भिंती ओलांडून आंत शिरतो, आणि तो अभ्यास करणाऱ्या मुलास, तान्ह्या लेकरास व आजाऱ्यास सारखाच छळतो. सरकारनें २००० सालीं केलेल्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालयें, शाळा व न्यायालयें यांच्या भोंवतींचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करतां येतो. तेथें ती दिवसा ५० आणि रात्रीं ४० डेसिबल ठेविली आहे. २०१० सालच्या दुरुस्तीनें असेंही ठरविलें, कीं खाजगी ध्वनियंत्राचा आवाज त्या खाजगी जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षां ५ डेसिबलहून अधिक वर जातां कामा नये. यांतील तत्त्व आम्हांस फार मोलाचें वाटतें. माझ्या गाण्याची हद्द माझ्या जागेबरोबर संपते. गाडीपुरतें बोलावयाचें तर ती हद्द म्हणजे गाडीची कांच.

यावर आमचे कांहीं विद्यार्थी म्हणतील, "सर, विसर्जनाच्या मिरवणुकींत लक्ष्मी रस्त्यावर काय चालतें? मग आमच्या गाडीनेंच कोणाचें काय घोडें मारलें?" प्रश्न रास्त आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी त्या मिरवणुकीच्या आवाजाचें मोजमाप घेत आले आहेत, आणि तो अनेक वर्षीं १०० डेसिबलच्या वर गेलेला आढळला आहे. परंतु दुसऱ्याचें कुसळ दाखवितांना आपलें मुसळ विसरणें आम्हां ख्रिस्ती लोकांस तर मुळींच शोभणार नाहीं. चेन्नई येथील एका ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनेंतील ध्वनिवर्धक व वाद्यें यांविषयीं शेजाऱ्यांनीं तक्रार केली, आणि तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. ऑगस्ट २००० मध्यें न्यायालयानें निकाल दिला, कीं इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असें कोणताच धर्म शिकवीत नाहीं. जेथें देवाच्या स्तुतीलाही ही सवलत नाहीं, तेथें सिनेमाच्या गाण्यास ती कशी मिळावी? आणि दुसरा चुकतो म्हणून आपणही चुकावें, हा न्याय वर्गांत आम्ही चालूं देत नाहीं. रस्त्यावर तो कसा चालेल?

पवित्र शास्त्रांत एलीया संदेष्ट्याची कथा आहे. डोंगरावर वारा सुटला, भूकंप झाला, अग्नि पेटला. पण परमेश्वराची भेट त्याला घडली ती त्यानंतरच्या शांत, मंद वाणींत. मोठा आवाज म्हणजे मोठी गोष्ट, ही समजूत किती जुनी आणि किती खोटी आहे, हें या कथेवरून समजावें.

असो. ज्यांच्या घरीं अशी हौस पुरविण्याचा बेत चालला असेल, त्या पालकांस व मुलांस आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, खर्चाचा पहिला वांटा दारें शांत करण्यास आणि पुढील दोन चांगल्या स्पीकरांस द्यावा. सबवूफरची पेटी सर्वांत शेवटीं, आणि तीही लहान. दुसरी, नवें यंत्र पारखतांना तें मोठ्यानें वाजवूं नये. आवाज हळू ठेवून शेजारीं बसलेल्या माणसाशीं नेहमींच्या स्वरांत बोलावें. बोलणें नीट ऐकूं येऊन गाण्याचे शब्द, तबल्याचा बोल आणि तंबोऱ्याची आंसही जर स्पष्ट लागली, तर यंत्र उत्तम समजावें. हळू वाजतांना जें बरें वाटत नाहीं, तें मोठ्यानें वाजतांना केवळ दिपवितें. तिसरी, कांचा वर करून, गाणें तसेंच चालूं ठेवून, गाडीच्या बाहेर यावें, दार लावावें आणि दहा पावलें दूर जाऊन उभें राहावें. तेथें गाणें ऐकूं आलें, तर परत जाऊन तें कमी करावें. या शेवटच्या परीक्षेस एक पैसाही पडत नाहीं, आणि जो तरुण ती मनापासून देईल, त्याच्या हातीं गाडी सोंपविण्यास त्याच्या वडिलांनीं मुळींच कचरूं नये.